न पोचलेल्या बोली

सुनेनं कपाटाच्या वरच्या खणातून नवऱ्याचे जुने बूट बाहेर काढले, त्या जागी विटेएवढं एक काळं यंत्र ठेवलं, त्याची वायर भिंतीत खुपसली आणि हिरवा दिवा लागल्यावर मनातल्या मनात आपला फायदा मांडला. पहिला आणि मोठा फायदा म्हणजे चमचा थांबेल. चमचा थांबला की नवऱ्याचं ‘अगं, बघ ना बाबांना काय हवंय’ थांबेल. ते थांबलं की तिचं आणि नवऱ्याचं भांडण थांबेल. यात परोपकार नव्हता असं नाही. पण तो रांगेत बराच मागे उभा होता.

चमचा सासऱ्यांचा. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकल्यापासून ते स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून घर चालवत. एक टोला म्हणजे चहा, दोन म्हणजे वर्तमानपत्र, आणि न थांबणारा खणखणाट म्हणजे ‘तुम्हा लोकांना काही म्हणजे काही समजत नाही’. हा शेवटचा प्रकार दिवसेंदिवस वाढत चालला होता. त्यांचाही दोष नव्हता. जन्मभर त्यांनी लिलाव पुकारले होते. बुडालेल्या दुकानांचा माल, बेवारस सामान, भावाभावांत वाटणी न झालेली कपाटं. ज्याच्या घराला भिंत नाही त्याला भिंतीवरचं घड्याळ विकतील अशी त्यांची ख्याती होती, आणि बाजारात त्यांना सगळे ‘हातोडा’च म्हणत. एवढा मोठा आवाज एकदम गेल्यावर तो कुठून तरी बाहेर पडणारच. तो पेल्यातून पडत होता.

डॉक्टरांनी एक टॉर्चसारखं यंत्र दिलं होतं. गळ्याला टेकवून ओठ हलवले की त्यातून घोगरा, एकसुरी आवाज निघे. सासऱ्यांनी ते एकदाच वापरलं, स्वतःचा आवाज कान देऊन ऐकला आणि पांढऱ्या पाटीवर लिहिलं, ‘डब्यात अडकलेली माशी. हिच्यावर बोली कोण लावणार?’ यंत्र ड्रॉवरमध्ये गेलं.

सून एका रुग्णालयाच्या संगणक विभागात होती. तिथे आवाज गेलेल्या लोकांना बोलायला शिकवणारी एक बाई सारखी म्हणायची की या मंडळींना चार लोकांत बसायला जागाच नाही. तेवढ्यावरून सुनेनं घरच्या कपाटात एक छोटा सर्व्हर मांडला आणि त्याचं नाव ठेवलं ‘कुजबूज’. आवाज गेलेले, जायच्या वाटेवर असलेले आणि त्यांना सांभाळून दमलेले असे मूठभर लोक तिथे लिहू लागले.

या जाळ्याची रीत निराळी. इथे सगळ्यांचा मिळून एक मालक नसतो. छोटी छोटी घरं असतात, प्रत्येक घराचा राखणदार वेगळा, नियम वेगळे. पण घरांची दारं एकमेकांकडे उघडी असतात, म्हणून या घरातल्या माणसाला त्या घरातल्या माणसाशी गप्पा मारता येतात, जणू दोघं एकाच ओट्यावर बसलेत. ज्याला कोणाचं लिहिलेलं आवडेल त्यानं त्याला फॉलो करायचं, की ते रोज आपोआप समोर येतं. आणि एखाद्या घरातून घाण येऊ लागली की राखणदारानं त्या घराकडचं दार लावून घ्यायचं. बस्स. पोलीस नाही, कचेरी नाही. उघडं दार आणि बंद दार.

सासऱ्यांनी तिथे ‘हातोडा’ हेच नाव घेतलं आणि पहिले काही दिवस नुसतं वाचलं. मग एका सकाळी त्यांनी माळ्यावरची छत्री काढून तिचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘छत्री. दांडा शाबूत, कापड मालकाच्या आठवणीत. पैसे चालणार नाहीत. बोली बोला.’

कोणीतरी बोली लावली, ‘माझ्या सासूचा सल्ला, अजिबात न वापरलेला.’ त्यावर ‘भट्टी’ नावाच्या कोणी तरी लगेच चढी बोली लावली, ‘सल्ल्यासकट सासू.’ सासऱ्यांनी छत्री भट्टीला दिली आणि खाली टीप जोडली, ‘विकलेली सासू परत घेतली जाणार नाही.’

तेव्हापासून रोज सकाळी लिलाव. मनात येईल तेव्हा वाजणारं गजराचं घड्याळ, एका कानाची किटली, तीन पायांवर समाधानी असलेलं स्टूल. बोली लावणारे पुष्कळ झाले, इकडच्या तिकडच्या घरांतून येऊ लागले. पण लिलाव रंगायचा तो भट्टीमुळे. बाकीचे कौतुक करत. भट्टी माल तपासून घेई. ‘स्टुलाचा फोटो उजवीकडूनच का? डावा पाय दाखवा.’ घड्याळावर बोली आली, ‘माझी पहाटेची झोप. जवळजवळ नवीन आहे.’ किटलीवर, ‘दुसरा कान कुठाय ते खरं सांगितलं तर तिप्पट.’ सासरे उत्तर लिहायच्या आधी हसून घेत. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलायचे. सून चहा गाळता गाळता ते खांदे बघायची आणि तिला वाटायचं, आपला हिशेब चुकला. फायदा आपण धरला होता त्याहून जास्त निघाला.

चमचा थांबला. एवढंच नव्हे, एका सकाळी न्हाणीघरातला नळ पुरा सोडलेला आणि पाण्याच्या आवाजाखाली माशी. सून दाराशी थबकली. माशी म्हणत होती, ‘एऽकवाऽर. एऽकवाऽर.’ ड्रॉवर रिकामा होता. तिनं कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पाण्याचं बिल वाढलं तेव्हा ते तिनंच मुकाट्यानं भरलं.

मग चव्हाट्याचं प्रकरण झालं.

‘चव्हाटा’ हे दुसऱ्याच कोणाचं घर, कुजबूजपेक्षा बरंच मोठं. तिथे ‘खवचट’ नावाचा एक जण होता. त्याच्या हाती सासऱ्यांचा एक फोटो लागला. ते एका दिव्याचा लिलाव करत होते, आणि गळ्यावरचं कापड जरा सरकलेलं होतं. खवचटानं श्वासासाठी गळ्यात ठेवलेल्या भोकाभोवती लाल गोल काढला आणि लिहिलं, ‘वस्तू क्रमांक एक : माणूस, हवेशीर.’ त्याच्या टोळीनं मग कुजबूजवरच्या एकेकाला गाठलं. कोणाला शिट्टीचं चित्र, कोणाला बासरीचं. एक निवृत्त गायनशिक्षिका होती. महिनोन्‌महिने गप्प राहून नुकती कुठे चार ओळी लिहू लागली होती. तिनं आपलं खातं पुसलं आणि गेली.

सुनेनं हे ऑफिसात पाहिलं, हातात चहाचा कागदी कप होता. तो तिनं खाली ठेवला. राखणदाराच्या हातात अशा वेळी दोन कळा असतात. एक जरा मऊ आहे. ती दाबली की त्या घराचा गलका ऐकू येत नाही, पण ज्यांची आधीची ओळख आहे त्यांची ओळख राहते. दुसरी म्हणजे सरळ कुऱ्हाड. तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की दोन्हीकडची सगळी नाती तुटतील, त्या घरच्यांनी तुमच्याकडे लिहिलेलं सगळं पुसलं जाईल, आणि पुढे दार उघडलंत तरी यातलं काही परत येणार नाही. रुग्णालयात सून लोकांना शिकवायची की बारीक अक्षरं वाचल्याशिवाय काही दाबू नका. तिनं कुऱ्हाड दाबली.

कुजबूजवर तिनं कळवलं, ‘चव्हाट्याशी संबंध तोडले आहेत.’ लोकांनी भरभरून आभार मानले. ज्याचं जेवण पोटातल्या नळीतून जायचं अशा एकानंही तिला मिठाई खायला घालायचं कबूल केलं. सासऱ्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, ‘छान केलंस, पोरी.’ सुनेला बरं वाटलं, आणि का वाटू नये? तिच्या जागी कोणीही शहाण्या माणसानं तेच केलं असतं.

कोण कुठल्या घरचं आहे हे नावापुढच्या पत्त्यात लिहिलेलं असतं. पण सासऱ्यांनी कधी पत्ते वाचले नव्हते. समोरचा बोली किती लावतो हे बघायचं, तो कुठल्या गल्लीतून आला हे कशाला, हा त्यांचा धंद्याचा नियम. सुनेनंही भट्टीचा पत्ता वाचला नव्हता. तिला बिचारीला वाटलं, चांगला माणूस आहे म्हणजे चांगल्याच घरचा असणार.

दुसऱ्या दिवशी भट्टीची बोली आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सासऱ्यांनी मुद्दाम भट्टीला आवडेल असा माल काढला, झाकण न बसणारा लोणी ठेवायचा डबा. सगळ्यांनी हसून घेतलं, ‘वा वा’ केलं. डबा कोणाला तरी गेला. मग एक फुटका आरसा गेला. नंतर एक दिवस माल निघालाच नाही.

न्हाणीघरातला नळ आता साध्या माणसासारखा चालू लागला. सून कान देऊन होती. माशी नव्हती. संध्याकाळी तिनं काहीतरी शोधण्याच्या निमित्तानं ड्रॉवर उघडला, तर यंत्र परत तिथे, त्याच्या चार्जरच्या वायरीची नीट गुंडाळी करून. सासरे खुर्चीत बसून असत. चहा हवा का, विचारलं तर मान हलवत, पण कुठल्या बाजूला ते नीट कळत नसे. पेला आणि चमचा शेजारीच असत. सून स्वयंपाकघरातून वाट बघायची. आता वाजवतील, निदान खणखणाट तरी करतील. पण चमचा थांबला होता. तिला हवा होता तसाच.

शेवटी एका सकाळी, ती कामावर निघताना, त्यांनी तिला हातानं थांबवलं आणि पाटी पुढे केली. आधीच लिहून ठेवलेलं होतं, सुवाच्य, जसं एखादा अर्ज लिहितात तसं.

‘भट्टीनं सगळं पुसून टाकलं. एक बोलीसुद्धा ठेवली नाही.’

सुनेला आधी समजलं नाही. त्यांनी फोन दाखवला. छत्री, घड्याळ, किटली सगळं जागच्या जागी, बाकीच्यांच्या बोलीही जागच्या जागी. फक्त भट्टीच्या जागा मोकळ्या. सासऱ्यांची उत्तरं कोणालाच दिलेली नसल्यासारखी लोंबकळत होती. ‘विकलेली सासू परत घेतली जाणार नाही,’ असं ते रिकाम्या हवेला बजावत होते.

त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. दिव्याच्या लिलावात त्यांनी दिवा दुसऱ्याला देऊन भट्टीला टोमणा मारला होता, ‘तुमची पत संपली. मागच्या बाकावर बसा.’ चेष्टेत. आता माफी मागितली आहे, तीनदा. उत्तर येत नाही. खाली एक ओळ सोडून लिहिलेलं होतं, ‘चाळीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळली. हे एक गेलं.’

सुनेनं भट्टीच्या नावापुढचा पत्ता आता वाचला. चव्हाटा.

“असेल कुठल्यातरी गडबडीत, बाबा,” ती म्हणाली. “लोक येतात, जातात.”

सासऱ्यांनी मान हलवली. ती हो होती, नाही होती, की ‘जा, तुला उशीर होतोय’ होती, कोण जाणे. सून गेली.

ऑफिसात तिनं डबा उघडला नाही. कुजबूजच्या आतून चव्हाटा दिसत नव्हता, पण रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसतो तसा तो ब्राउझरमधून दिसत होता. ती वाटसरूसारखी गेली आणि भट्टीचं पान उघडलं. काही पुसलेलं नव्हतं. छत्रीपासूनच्या सगळ्या बोली होत्या. आणि त्यांच्यापुढेही होत्या.

लोण्याच्या डब्यावर बोली होती, ‘झाकण नको, नुसता डबा द्या. लोणी टिकतंय कुठे आमच्याकडे.’ फुटक्या आरशावर, ‘अर्धा चेहरा. चांगला अर्धा.’ म्हणजे भट्टीही वाटसरूसारखं रोज कुजबूजच्या खिडकीत येऊन माल बघत होती आणि आपल्या घरात बसून बोली लावत होती. त्या बोली सासऱ्यांच्या नावानं निघत आणि बंद दारावर आपटून तिथेच पडत. दार लागलंय हे भट्टीला माहीत नव्हतं असंही नाही, कारण एका बोलीखाली लिहिलं होतं, ‘पोचणार नाही, माहीत आहे. मागच्या बाकावरूनही माल छान दिसतो.’ त्याच्या नंतरची ओळ, माल निघाला नाही त्या दिवसाची. ‘आज लिलाव नाही? हातोडा, तब्येत बरी ना?’ आणि त्यानंतर रोज सकाळी तेवढंच, ‘बरी ना?’

सुनेनं चष्मा काढून पुसला. चष्म्यावर काही नव्हतं.

मग तिला चव्हाट्याच्या पहिल्या पानावरची सूचना दिसली. राखणदारानं लावली होती, आणि दिवस तोच, कुऱ्हाडीचा. ‘खवचट आणि त्याच्यासोबतच्यांना इथून काढलं आहे. कुजबूजच्या मंडळींची माफी मागायला निरोप पाठवला, पण त्यांचं दार बंद आहे. बंदच असायला हवं.’ सून खुर्चीत मागे टेकली. शिवी आत येऊ नये म्हणून लावलेलं दार माफीनंही ठोठावलं होतं. आतल्यांना ते ऐकू जायची सोय तिनंच ठेवली नव्हती.

तिनं दार उघडलं. काही झालं नाही. बारीक अक्षरांनी खरंच सांगितलं होतं. तुटलेलं आपलं आपण जुळत नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांनी उठून पुन्हा एकमेकांकडे जावं लागतं, आणि दार उघडलंय हे कोणी तरी सांगायला हवं. सुनेला माफी मागायची सवय नव्हती. संगणक विभागात चूक नेहमी दुसऱ्याची असते. तिनं चव्हाट्याच्या राखणदाराला लिहिलं, खोडलं, लिहिलं. शेवटी जे गेलं ते बरंच छोटं होतं. चूक माझी झाली, घाई केली, तुमच्याकडे भट्टी नावाचे एक गृहस्थ आहेत, त्यांना निरोप द्याल का. उत्तर लगेच आलं. लिहायला माझा हात चालत नाही, फोन करा, दुपारी भट्टी निवते तेव्हा. पुढे नंबर होता.

तिनं जिन्यात जाऊन फोन लावला. पलीकडे पत्र्याचे ट्रे आपटत होते आणि कोणीतरी सुट्टे मागत होतं. राखणदाराची बेकरी होती.

“उघडलंत ना दार? झालं तर मग,” तो म्हणाला. “माफी कसली, ताई. आम्हीच मागायची.”

तिनं सगळं सांगितलं. सासरे, पुसलेल्या बोली, टोमणा. तो मधे मधे ‘अरेरे’ म्हणत होता. तिनं विचारलं की दुसऱ्या कुठल्यातरी घरून, ज्याचं दार दोघांनाही उघडं आहे तिथून, निरोप धाडता आला असता की नाही.

“आला असता. मी म्हटलंही. पण पुढचं दार लावलंय तर मागच्या दारानं जायचं नाही, असं ठरलं आमच्यात. उघडतील तेव्हा जाऊ.”

“म्हणजे भट्टी तुम्हीच?”

“मी?” तो हसला. “पहाटेपासून माझे हात पिठात, ताई. ती बायको. गल्ल्यावर बसते. गिऱ्हाईक नसलं की तिचं ते चालू. खरं सांगू का, आभार आम्हीच मानायचे. हातोडा आल्यापासून ती सकाळी हसते. मला पाव भाजता येतो, हसवायला नाही जमत.”

सुनेनं विचारायला नको ते विचारलं. खवचटाला काढलंत, त्रास नाही ना झाला?

ट्रे आपटायचे थांबले.

“मेहुणा माझा,” तो जरा हळू म्हणाला. “तिचा धाकटा भाऊ. हा चव्हाटा त्यानंच मांडून दिला होता आम्हाला, मला कुठे येतं यातलं? मी म्हटलं, चार दिवस गप्प बसवू. ती म्हणाली, काढ. मी म्हटलं, एकुलता भाऊ आहे, विचार कर. म्हणाली, भाऊ आहे म्हणूनच.”

“मग?”

“मग काय. काढला. रविवारी जेवायला यायचा, तो यायचा थांबला. फोन उचलत नाही.”

सुनेनं विचारलं, त्यांच्याशी दोन शब्द बोलता येईल का.

“नको. आभार मानले की ती आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासते. तुमच्या सासऱ्यांना सांगा, माल काढा म्हणावं.”

संध्याकाळी सुनेनं सासऱ्यांसमोर स्टूल ओढलं, तेच तीन पायांवर समाधानी असलेलं, आणि तोल सांभाळत त्यांना सगळं सांगितलं. कुऱ्हाड आपण चालवली हे आधी सांगितलं, कारण ते शेवटी सांगायला ठेवलं असतं तर राहून गेलं असतं. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाटी घेतली नाही. तिनं फोनवर भट्टीचं पान उघडून त्यांच्या हातात दिलं. ते एकेक बोली वाचत गेले, ओठ हलवत. ‘चांगला अर्धा’पाशी खांदे हलले. ‘बरी ना?’ सुरू झालं तसे थांबले.

मग तिनं बेकरीवाल्याचं सांगितलं. बायकोचं, भावाचं, रविवारचं. सासऱ्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मग पाटीवर लिहिलं, ‘पोरी, चहा टाक.’ चहा झाला तेव्हा खाली आणखी एक ओळ होती. ‘आभार मानायचे नाहीत म्हणालीस ना? मग माल काढतो.’

सकाळी त्यांनी कुठलीच वस्तू काढली नाही. जुन्या लिलावघराचा एक पिवळा पडलेला फोटो होता, तो लावला आणि लिहिलं, ‘मागचा बाक. पाठ नाही, पाय मजबूत. आजवर यावर बसलेल्या गिऱ्हाइकाला पुढचं सगळं दिसलं आहे. बोली बोला.’

भट्टीनं पुन्हा फॉलो केलं होतं. पहिली बोली तिचीच आली, ‘आमच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची. हल्ली तिच्यावर कोणी बसत नाही.’

कुजबूजवर सगळे हसले. दुसऱ्या घरांतूनही हसणारे आले. एकानं चढी बोली लिहायला घेतली असावी, पण त्याला ती लावता आली नाही. हातोड्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. एकवार नाही, दोनवार नाही, दुसरी बोली यायच्या आत माल देऊन टाकला. लिहून नव्हे. फोन पुढ्यात धरून, यंत्र गळ्याला टेकवून. नळ बंद होता. घरभर माशीचा आवाज घुमला, ‘तीऽनवाऽर,’ आणि हातोडा म्हणून चमचा पेल्यावर एकदा पडला. ते रेकॉर्ड करून त्यांनी भट्टीला पाठवलं.

सून दारात उभी होती. तिनं तेव्हाच मनात बेरीज सुरू केली, सवयच होती, आणि पुढचे काही दिवस ती वाढतच गेली. सासऱ्यांना गिऱ्हाईक मिळालं, आणि आवाज मिळाला, माशीचा का होईना. नवऱ्याला घरात शांतता मिळाली. गायनशिक्षिका दोन दिवसांनी चार ओळींऐवजी आठ ओळी घेऊन परत आली. बेकरीवाल्याची बायको सकाळी हसू लागली, म्हणजे त्यालाही मिळालं. सुनेला तर मांडलं होतं त्याच्या दुप्पट मिळालं, आणि वर ‘छान केलंस’ही. खवचटाचंसुद्धा काही गेलं नाही. त्याला दुसरं घर सापडलं, तिथे त्याला हसणारेही सापडले. इतक्या जणांचा फायदा झाला, की कोणाचाच तोटा झाला नाही असं वाटावं. पण लिलावात असं होत नसतं. माल ज्याला जातो त्याला किंमत द्यावीच लागते, आणि गल्ल्यामागे बसणाऱ्या त्या बाईनं ती किंमत बोली लागण्याच्या कितीतरी आधी देऊन टाकली होती.